कासवाचं अंडं 15 दिवसांत फुटत नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग असतं, 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, मी हे तास कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची अंडी-पिल्लं वाचवण्याच्या कामात केले आणि त्यावरूनच हे पत्र लिहितेय.

बऱ्याच ठिकाणी हे 120 तास दिवसाला आठ धरून 15 दिवसांत उरकतात. कंपनीत किंवा लॅबमध्ये चालत असेल ते, पण कासवाचं अंडं उबायला साधारण 45 ते 55 दिवस लागतात. म्हणजे 15 दिवस आलेल्या पोराला एक तर अंडी बघायला मिळणार नाहीतर पिल्लं, मधलं सगळं राहूनच जातं आणि खरं शिकण्यासारखं तर तिथेच असतं.

माझी मावशी किनाऱ्याजवळ राहते म्हणून मला तास संपल्यावरही थांबता आलं. पहाटे अंधारातच कासवमित्र दादांबरोबर (कासवमित्र म्हणजे कासवांची घरटी राखणारी गावातली माणसं) भरतीच्या रेषेच्या कडेने चालायचं, मादीचा माग दिसला की काठी रेतीत हळूच टोचत जायचं, जिथे काठी एकदम सैल आत जाते तिथे घरटं. मग हाताने उकरून अंडी काढायची, शंभरच्या आसपास असतात, आणि ती फिरवायची नाहीत, उलटीपालटी करायची नाहीत, नाहीतर आतला गर्भ मरू शकतो. हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबावीत म्हणून किनाऱ्यावरच राखलेल्या जागेत, तेवढाच खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करून ती परत पुरायची आणि तारीख, जागा, संख्या रजिस्टरमध्ये लिहायची. हे सगळं कुत्रे आणि कोल्हे पोचायच्या आत करायला लागतं.

पिल्लं समुद्रात सोडतानाचे फोटो सगळेच टाकतात. पण पिल्लं निघून गेल्यावर ते घरटं उकरून रिकामी टरफलं किती, न फुटलेली अंडी किती, आतच मेलेली पिल्लं किती हे मोजायचं असतं, वास इतका येतो की नको वाटतं, तरी मोजायचंच, कारण किती टक्के पिल्लं निघाली हे त्यावरूनच कळतं. एका घरट्यात अर्धी अंडी तशीच निघाली तेव्हा मला फार वाईट वाटलं, दादांनी मात्र शांतपणे रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाले, आकडा लिही आधी. रेती जास्त तापली तर माद्याच जास्त जन्मतात आणि अजून तापली तर पिल्लं आतच मरतात, हे पुस्तकात वाचलं होतं, पण उन्हाळ्यात हॅचरीवर शेडनेट का बांधतात ते तिथेच नीट कळलं.

आणि हे काम काही कुठल्या विद्यापीठाने सुरू केलेलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरुवात केली, आधी तिथे अंडी चोरीला जायची. 2022 मध्ये वेळासलाच प्रथमा नावाच्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला तो वन विभागाच्या कांदळवन कक्षाने आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने, पण त्याच्या आधी वीस वर्षं रोज पहाटे किनाऱ्यावर गावातलीच माणसं चालत होती ना. आम्हाला शिकवतात ते हेच लोक, पण आमच्या सर्टिफिकेटवर त्यांचं नावही नसतं आणि शिकवण्याचा एक रुपयाही त्यांना मिळत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

माझी विद्यापीठांना कळकळीची विनंती आहे की हेच 120 तास सलग न घेता सीझनभर पसरू द्या. रोज पहाटेचे अडीच तास धरले तर 48 दिवस होतात, म्हणजे एक घरटं पुरण्यापासून पिल्लं निघेपर्यंत जवळजवळ बघून होतं आणि कोकणातल्या कॉलेजांना तर लेक्चर सांभाळून हे सहज जमेल. लांबच्या मुलांनी चार-पाच जणांचा ग्रुप करून आळीपाळीने यावं, रजिस्टर एकच ठेवावं. आणि वन विभाग व कॉलेजांनी मिळून कासवमित्रांना मार्गदर्शक म्हणून मानधन द्यावं. पुढचा सीझन डिसेंबरच्या आसपास सुरू होईल, तेव्हा निर्णय दिवाळीच्या आधी झाला तर येणाऱ्या बॅचला त्याचा उपयोग होईल.

आपली,
प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी, जि. रत्नागिरी