नाकाच्या ऑपरेशनआधी हे वाच

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट वाचला. "एकदा ऑपरेशन झालं की सुटलो ना?" असं तू फोनवर विचारलंस. तसं नसतं, आणि फोनवर तू अर्ध्यातच "हो हो" म्हणतोस, म्हणून लिहून पाठवते.

"नाकाचं हाड वाढलंय" हा आपल्याकडचा शब्द आधी डोक्यातून काढ. एक तर मधला पडदा वाकडा असतो, नाहीतर टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची मांसल घडी, सुजलेली असते, नाहीतर पॉलिप असतात, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे द्राक्षासारखे लोंबते घोस. तुझा पडदा थोडा डावीकडे आहे, पण खरं दुखणं पॉलिपचं आहे. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. दोन्ही बाजूंच्या इथमॉइडमध्ये, म्हणजे नाक आणि डोळ्याच्या मधल्या सायनसच्या कप्प्यांत, ते आहेत, आणि त्यांनीच गालांच्या सायनसची तोंडं बुजवलीत.

सायनसच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड ठरलेल्या वाटेनं मूळ तोंडाकडेच ढकलतात. जुन्या काल्डवेल-ल्यूक पद्धतीत (अमेरिकेत 1893, पॅरिसमध्ये 1897) वरच्या ओठाखालून गालाचं हाड उघडून नाकात खाली नवं भोक पाडत. केस मात्र शेंबूड त्या भोकावरून पुढे नेऊन बंद तोंडाशीच साठवत. ही वाट ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिली. आजचं दुर्बिणीचं ऑपरेशन, ज्याला डॉक्टर 'फेस' म्हणतात, त्यावरच उभं आहे. मूळ तोंडच मोकळं करायचं.

पूर्ण भूल, साधारण दोन तास, चेहऱ्यावर टाका नाही. आधी अनसिनेट ही हाडाची पातळ पाती काढतात. ती अर्धवट राहिली की मूळ तोंड तिच्याआड झाकलेलं राहतं, नवं भोक तिच्यामागे वेगळंच पडतं आणि शेंबूड एका भोकातून बाहेर येऊन दुसऱ्यातून परत आत जातो. दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागण्याचं हे एक नेहमीचं कारण. मग मायक्रोडिब्रायडरनं, म्हणजे कापत कापत ओढून घेणाऱ्या यंत्रानं, पॉलिप आणि इथमॉइडचे कप्पे साफ करतात. इथे एका बाजूला डोळा आणि मध्ये कागदाएवढं हाड, वर मेंदूचा तळ. म्हणून सर्जनला विचार, "माझं केरॉस कितवं?" नाकाच्या छपराच्या खोलगटीचं ते माप आहे. 8 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तिथे हात जपून चालवावा लागतो.

तुझ्या मित्रानं सांगितलेलं बलून तुझ्यासाठी नाही. तारेवरून फुगा नेऊन तोंड रुंद करतात, काढत काहीच नाहीत. इथमॉइडला ते लागू नाही, आणि पॉलिप तर जागेवरच राहतात. पडदा दुर्बिणीच्या आड येत असेल किंवा श्वास अडत असेल तरच सरळ करून घे. टर्बिनेट बारीक करायला हरकत नाही, पण पूर्ण कापू देऊ नकोस. ते गेलं की नाक उघडं असूनही श्वास पुरत नाही असं वाटत राहतं, आणि खपल्या धरतात.

दम्याचा त्रास आणि अॅस्पिरिन किंवा ब्रुफेननं कधी छाती भरली असेल, तर भूलतज्ज्ञानं विचारलं नाही तरी त्याला सांग. अशा माणसात पॉलिप लवकर परततात. तसंही या गोळ्या रक्त पातळ करतात. आधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घे.

आता ऑपरेशननंतरचं, जे बहुतेक जण आळसानं बुडवतात. डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज दोनदा नाक धुवायचं. अर्धा लिटर पाणी, जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी एक मिनिट खळाखळा उकळून कोमट केलेलं. फिल्टरचं असलं तरी उकळ. पाण्यातला एक अमीबा पोटात गेला तर काही होत नाही, नाकातून गेला तर मेंदूत शिरतो. क्वचित, पण जिवावरचं. आधी धुवायचं, मग स्टिरॉइडचा स्प्रे, तोही नाकपुडीत बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेनं, पडद्यावर नाही. पॉलिपवाल्याला हा स्प्रे वर्षानुवर्षं लागतो. ऑपरेशननं औषध आत पोचायला वाट होते, अस्तराची खोड जात नाही.

दोन आठवडे नाक शिंकरू नकोस, शिंक आली तर तोंड उघडून दे. तालीम, जड उचलणं बंद. उशी उंच. वाफाळता तांबडा रस्सा पहिले काही दिवस नाहीच, गरमानं रक्त सुटतं. (पांढराही नाही, विचारू नकोस.) दुर्बिणीनं खपल्या काढायच्या तारखा चुकवू नकोस, मधलं टर्बिनेट बाहेरच्या भिंतीला चिकटलं की कपाळाच्या सायनसची वाट बंद होते.

डोळा सुजला, दोन दिसू लागलं, नजर अंधुक झाली, रक्त थांबेना, किंवा वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं थेंब थेंब गळू लागलं तर सकाळची वाट न बघता निघ. ते पाणी मेंदूभोवतीचं असू शकतं.

येताना सीटीची मूळ सीडी आण, व्हॉट्सअॅपवरचे फोटो चालत नाहीत. आणि तारीख उसाच्या हंगामाआधीची घे. पाचट पेटायला लागलं की इथल्या हवेत नव्या नाकाचं काही खरं नाही.

तुझी,
आई