ऊसतोड वस्तीतल्या मुलांच्या पायमोज्यांसाठी लोकर हवी, सुया हव्यात, विणणारे हात हवेत

बेळगाव शहर आणि तालुक्यातल्या सर्व माता-भगिनींना आमच्या महिला मंडळाचा सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरते, कारखान्यांची धुराडी पेटतात आणि निपाणी, चिकोडी, अथणी, रायबागकडच्या शिवारांत ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. वर पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद, खाली ओल धरलेली जमीन. मोठी माणसं पहाटेच्या अंधारात फडात जातात. लहान पोरं मागे कोपीत राहतात, नाहीतर बांधावर गोधडीत गुंडाळून झोपवलेली असतात. अंगात कुणी दिलेला स्वेटर असतो, कानाला टोपडं असतं, पाय मात्र उघडे. म्हणून या हिवाळ्यात आम्ही फक्त पायमोजे गोळा करणार आहोत, तेही घरी हाताने विणलेले.

हे मोजे रात्री निजताना घालायचे आहेत. ढेकळात आणि पाचटात मोजे घालून फिरलं तर ते चार दिवसांत फाटतात, त्यामुळे चालण्यासाठी म्हणून विणू नका. झोपेतला मोजा फार तंग नसलेला, मऊ आणि विस्तवापाशी सुरक्षित असला पाहिजे. बाकी सगळं या तीन गोष्टींवर ठरतं.

विस्तवाचं आधी सांगतो, कारण देणगीत सर्वांत जास्त अ‍ॅक्रिलिक येतं. कोपीत चूल आणि निजायची जागा यांत हातभराचंच अंतर असतं, शिवाय बाहेर शेकोटी असतेच. ठिणगी पडली तर अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर लवकर पेट घेत नाही, काळी पडून विझते. तेव्हा मुलांच्या मोज्यांना लोकरच हवी. टाच टिकावी म्हणून तिच्यात चौथा हिस्सा नायलॉन असलं तरी चालेल. लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून काडीने पेटवून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर ती लोकर. टोकाला काळा टणक मणी झाला तर ते अ‍ॅक्रिलिक. तुमच्याकडचं अ‍ॅक्रिलिक टाकून देऊ नका, नव्याने शिकणाऱ्यांच्या सरावाला ते लागेल. आपल्या भागातल्या धनगरांकडची घोंगडीची लोकर पुष्कळ जणी देऊ करतात. ती घोंगडीला उत्तम, पण उघड्या कातडीला फार खरखरीत आहे. मुलं असा मोजा पायात ठेवत नाहीत.

सुती मोजेही नकोत. सूत ओल धरून ठेवतं आणि पाय गार पडतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. खालच्या जमिनीची ओल लक्षात घेता हा फरक फार मोठा आहे.

आता माप. चार पदरी लोकर आणि ११ नंबरच्या सुया, चारचा संच. आधी छोटा चौकोन विणून मोजा: ५ सें.मी.मध्ये १४ टाके बसले पाहिजेत. जास्त बसले तर तुमचा हात घट्ट आहे, १० नंबर घ्या. कमी बसले तर १२ नंबर. (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, इथे नवख्यांचा हमखास घोळ होतो.) चौकोन विणायचा कंटाळा करू नका. हाताच्या एवढ्याशा फरकाने सहा वर्षांच्या मुलाचा मोजा तीन वर्षांच्याला बसेल असा होतो.

एक ते तीन वर्षांच्या मुलांना ३६ टाके, चार ते सहाला ४४, सात ते दहाला ४८. कुणाला टोळीतल्या बायकांसाठी विणायचे असतील तर ५६. मोज्याचा घेर पायाच्या घेरापेक्षा एक-दीड सें.मी. कमी राहील असा हा हिशेब आहे, म्हणजे मोजा ताणून बसतो आणि गळत नाही. त्याहून तंग करू नका. लोकरीत अडकलेली हवा ऊब देते. तंग मोज्यात ती हवाही राहत नाही आणि पायाचं रक्तही नीट खेळत नाही.

मधल्या मापाचा, ४४ टाक्यांचा मोजा असा विणायचा. टाके घालताना दोन सुया जोडून धरा, म्हणजे काठ सैल राहील. काठ घट्ट राहिला तर मोजा टाचेवरून वर चढतच नाही, आणि परत येणाऱ्या मोज्यांत हाच दोष सर्वांत जास्त असतो. टाके तीन सुयांवर वाटा, पीळ पडलेला नाही हे बघून गोल जोडा. दोन सुलट, दोन उलट अशी २० फेऱ्यांची बॉर्डर, मग १६ फेऱ्या साध्या सुलट.

टाच २२ टाक्यांवर. ती दोन सुयांवर मागे-पुढे विणायची, २२ ओळी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घ्या, म्हणजे दोन्ही कडांना ११-११ साखळ्या मिळतात. सुलट बाजूने एक टाका न विणता उचलणं आणि एक विणणं असं केलं तर पट्टी दुहेरी जाड होते. झोपेत पाय गोधडीला घासतो तो टाचेवरच, तेव्हा ही मेहनत वाया जात नाही. आता टाच वळवायची: १३ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, मग विणकाम वळवा. पहिला उचला, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, पुन्हा वळवा. पुढे दर ओळीला मधला आकडा एकाने वाढतो, ६, ७, ८ असा. वळताना पडलेल्या फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र घ्यायचा आणि पुढचा एक विणून वळायचं. सगळे टाके संपल्यावर सुईवर १४ उरले पाहिजेत. इथे बोट आत घालून बघा, लहानशा वाटीसारखा खोलगटपणा लागतो. लागला नाही तर कुठेतरी फट चुकून पुढे गेला आहात. तिथेच उसवा, पुढे जाऊन हे सुधारत नाही.

मग दोन्ही कडांच्या साखळ्यांतून टाके उचला, प्रत्येक बाजूला ११ आणि कोपऱ्यात एक जादा, म्हणजे १२. तो जादा टाका विसरला की घोट्याखाली भोक राहतं. आता १४, २४ आणि वरच्या बाजूचे २२ मिळून ६० झाले. एका आड एका फेरीत तळव्याच्या दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत १६ फेऱ्यांत पुन्हा ४४ वर या. पुढे सरळ विणत जा, आणि पायाच्या लांबीला साडेतीन सें.मी. कमी असताना थांबा. चार ते सहा वर्षांच्या मुलाचं पाऊल साधारण १६ ते १८ सें.मी. असतं. बोटांशी दोन्ही कडांना दोन-दोन, असे फेरीला चार टाके कमी करायचे. आधी एका आड एका फेरीत २४ पर्यंत, मग प्रत्येक फेरीत १२ पर्यंत. उरलेले ६ आणि ६ रफूच्या सुईने एकमेकांत गुंफून बंद करा. धागा ओवून नुसतं आवळलं तर गाठोडं होतं आणि करंगळीला टोचतं.

सुई बदलते तिथे उभी शिडी दिसते, ती पहिला टाका सैल पडल्यामुळे. पहिल्याला ओढून उपयोग होत नाही. दुसरा टाका विणून झाल्यावर धागा ओढा, आणि दर चार-पाच फेऱ्यांनी दोन टाके पुढच्या सुईवर सरकवून सांधा हलवत राहा. गुंडा मध्येच संपला तर गाठ मारू नका. दोन्ही धागे दहा टाके जोडीने विणा आणि टोकं आत ओवून टाका. आत लोंबता धागा राहिला तर बाळाच्या बोटाला त्याचा वेढा बसतो, म्हणून प्रत्येक मोजा उलटा करून तपासूनच आम्ही स्वीकारू.

विणायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. पोटरीच्या आणि तळव्याच्या फेऱ्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होतात, मुलांचा पाढा ऐकत होतात, मालिका बघतानाही होतात. टाच मात्र दुपारी, घर रिकामं असताना वळवा. मध्येच दारावर दूधवाला आला की आकडा विसरतो. उठताना सुई पूर्ण करूनच उठा आणि फेरीचा आकडा कागदावर टिपा. दुसरा मोजा टेपने मोजून नव्हे, फेऱ्या मोजून पहिल्याशी जुळवा. ताणून मोजलं की दोन सें.मी.चा फरक सहज पडतो. सुयांच्या टोकांना खोडरबराचे तुकडे खोचून ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर याला पर्याय नाही.

रंगाबद्दल एक विनंती, आणि ती सगळ्यांनी पाळली तरच उपयोगाची आहे. मोज्याचं अंग करडं किंवा तपकिरी असू द्या. टाके घातल्यावर पहिल्या सहा फेऱ्या तेवढ्या रंगीत: लहान मापाला लाल, मधल्याला पिवळा, मोठ्याला निळा. कोपीत एक मोजा हरवतोच. सगळे सारखे असले की उरलेल्याला दुसरा कुठलाही जोडता येतो, आणि वाटताना माप शोधायला लागत नाही. रंग बदलाल ती पहिली फेरी सगळी सुलट विणा, नाहीतर उलट टाक्यांवर आधीच्या रंगाचे ठिपके दिसतात.

नव्याने शिकणाऱ्यांनी टाचेला घाबरून मागे राहू नये. बिनटाचेचा मोजाही आम्हाला हवा आहे. ४२ टाके, तीन सुलट तीन उलट, आणि दर चार फेऱ्यांनी नक्षी एका टाक्याने पुढे सरकवायची. पिळाची नळी तयार होते आणि ती पायाला आपसूक घट्ट बसते. मूल वाढलं तरी चालते, आणि टाच ठरलेल्या जागी येत नसल्याने एकाच ठिकाणी विरत नाही.

लोकर किती लागेल? लहान जोडाला सुमारे ३० ग्रॅम, मधल्याला ४५, मोठ्याला ६०. म्हणजे मधल्या मापाच्या शंभर जोडांना साडेचार किलो. सुरुवातीलाच गुंडा काट्यावर तोलून दोन सारखे भाग करून घ्या. जुने लोकरी स्वेटरही द्या, पण आधी बाजूची शिवण उघडून पाहा. कडेला साखळी दिसली तर स्वेटर सलग उसवतो. इंटरलॉक मारलेलं असेल तर तो कापून शिवलेला आहे, त्याचे वीत-वीतभर तुकडेच निघतात. धुऊन आटलेला, नमद्यासारखा झालेला स्वेटरही उसवत नाही. उसवलेल्या लोकरीची लडी करून चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यातून काढा आणि खाली वजन अडकवून सावलीत वाळवा. कुरळेपणा गेल्याशिवाय विणलं तर टाके वेडेवाकडे येतात.

रोख मदत देणाऱ्यांना पावती मिळेल. त्या पैशांतून लोकर, सुयांचे संच आणि रफूच्या सुयांखेरीज काही घेतलं जाणार नाही. कन्नड बोलणाऱ्या अक्कांनीही जरूर यावं. विणीचा आणि धुण्याचा कागद मराठी व कन्नड दोन्हीत छापून ठेवला आहे. प्रत्येक जोडासोबत धुण्याची चिठ्ठी जाईल: गार पाणी, साबण थोडा, चोळायचं नाही, पिळायचं नाही, चुलीवर वाळवायचं नाही.

वाटप टोळीच्या मुकादमाला विचारून, मुलांची पावलं कागदावर काढून घेऊन, मापाप्रमाणे होईल. पहिली खेप दत्तजयंतीच्या आधी आणि दुसरी संक्रांतीच्या आधी पाठवायची आहे. त्यानंतर आलेले मोजे पुढच्या हंगामासाठी कडुलिंबाचा वाळका पाला घालून ठेवू. मंडळाच्या खोलीत सोमवार ते शनिवार दुपारी ३ ते ५ लोकर दिली-घेतली जाईल. ज्यांची टाच अडली असेल त्यांनी विणकाम सुईवर आहे तसंच घेऊन यावं, उसवून आणू नये. चूक कुठे झाली ते सुईवरच दिसतं.