कणभौतिकीची वाट सोलापुरातून

महोदय,
बारावीचा निकाल लागला की सात रस्ता परिसरात ‘नीट’ आणि ‘जेईई’मधील गुणवंतांचे फलक झळकतात, मूलभूत विज्ञानाकडे वळलेला चेहरा त्यांवर सहसा नसतो. माझ्या पुतणीने कणभौतिकीत, म्हणजे पदार्थाच्या मूलकणांच्या अभ्यासात, संशोधन करण्याचा मानस बोलून दाखवताच घरातून पहिला प्रश्न आला, ‘यात नोकरी कुठली?’

प्रश्न गैर नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे, पुढे अस्थायी संशोधनवृत्त्या आणि कायम जागा मोजक्याच, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगायला हवे. मात्र २०१२ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या मूलकणाचा शोध जाहीर करणाऱ्या दोन प्रयोगांपैकी ‘सीएमएस’मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ होते आणि २०१७ पासून भारत ‘सर्न’चा सहयोगी सदस्य आहे, हेही त्याच दमात सांगावे. या विषयात प्रचंड विदेचे (डेटाचे) विश्लेषण आणि संगणकीय प्रणाली लिहिणे शिकावेच लागते. ते कौशल्य संशोधन सुटले तरी वाया जात नाही.

खरी अडचण माहितीची आहे. पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, हे आमच्या कानावर आले तेव्हा अर्जाची मुदत टळून गेली होती, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर त्याचा उल्लेखही नव्हता. येथूनच बी.एस्सी. करून एम.एस्सी. प्रवेशासाठी ‘जॅम’ आणि नंतर पीएच.डी. प्रवेशासाठी ‘जेस्ट’ ही परीक्षा देण्याचा मार्ग खुला आहे, हेही आम्हाला उशिराच कळले. आपल्या दैनिकाने निदान या परीक्षांच्या अर्जाच्या तारखा ठळकपणे छापाव्यात, ही विनंती.

– एक पालक, सोलापूर