चाचणी चर्चच्या सभागृहात, निकाल मात्र ज्याच्या त्याच्या हातात

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त (२८ जुलै) आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. जनजागृती वाढली पाहिजे, हा त्याचा सूर पटला. पण नुसत्या जनजागृतीने भागत नाही, हे मी लॉस एंजेलिसमध्ये परिचारिका म्हणून काम करताना जवळून बघते आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या दवाखान्याचे पथक रविवारी कोरियन चर्चमध्ये हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या तपासणीसाठी जाते. अमेरिकेतल्या कोरियन समाजात सुमारे ६० टक्के लोक ख्रिस्ती आहेत. पहिल्या पिढीला तर चर्चवाचून चालतच नाही. खोली भाड्याने कुठे मिळेल, दुकानाचा परवाना कसा काढायचा, आई आजारी पडली तर आपली भाषा बोलणारा डॉक्टर कुठला, हे सगळे तिथेच कळते. मी मूळची वसईची, तिथेही ख्रिस्ती वस्ती मोठी, त्यामुळे मला हे कुणी समजावून सांगावे लागले नाही.

या चर्चमधले बरेच जण कोरियात सर्व बाळांना हिपॅटायटिस बीची लस मिळू लागली त्याच्या आधी जन्मलेले. बाळंतपणात आईकडून बाळाला लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांमध्ये हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. धडधाकट प्रौढाला झाली तर शंभरात पाचांच्याही आत. आपल्याकडे लोक याला पांढरी कावीळ म्हणतात, पण कायमची लागण असलेल्या बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. तीस-चाळीस वर्षे माणूस कामधंदा करतो, पोरेबाळे वाढवतो आणि एक दिवस काहींच्या हाती यकृताचा सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) किंवा कॅन्सरच येतो. अमेरिकेच्या लोकसंख्येत आशियाई आणि प्रशांत बेटांवरचे लोक जेमतेम ६ टक्के, पण या आजाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण त्यांच्यातले आहेत. त्यातून ड्रायक्लीनिंगचे किंवा किराण्याचे दुकान चालवणारा, विमा नसलेला, इंग्रजीला बिचकणारा माणूस काहीही दुखत नसताना दवाखान्याची पायरी कशाला चढेल?

चर्चमधून जाण्याचा उपयोग होतो का, हे इथे नीट तपासूनही पाहिले गेले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या रोशन बस्तानी आणि सहकाऱ्यांनी ५२ कोरियन चर्चमधल्या, आधी कधीच तपासणी न झालेल्या ११२३ जणांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही चर्चमध्ये छोट्या गटांत बसून हिपॅटायटिस बीवर चर्चा झाली, बाकीच्यांत वेगळ्या विषयावर. पुढे पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी तपासणी केल्याचे सांगितले, दुसऱ्यातल्या ६ टक्के. तिप्पट फरक पडला, आणि तोही एका बैठकीने. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू मला जास्त छळते. आपल्याच भाषेत, आपल्याच माणसांत बसून सगळे समजून घेतल्यावरही शंभरातले ऐंशी जण तपासणीला गेले नाहीत. त्यांना कळले नव्हते असे कसे म्हणायचे? सोमवारी सकाळी दुकान उघडायचे होते.

म्हणून सांगते, माहिती जिथे द्याल तिथेच रक्त घ्या. उपासना संपली की तळघरातल्या सभागृहात जेवणाची पंगत बसते. तिच्या एका कडेला आमचे टेबल असते. अर्ज कोरियन भाषेत, भरून द्यायला चर्चमधल्याच दोन मावश्या. पाद्री स्वतः सगळ्यांच्या आधी कोटाची बाही वर करून बसले, तर मागे रांग लागते. ते नुसते व्यासपीठावरून सूचना वाचून निघून गेले, तर पाच-सहा जण येतात. हा फरक मी अनेकदा पाहिला आहे.

अशाच एका पंगतीत एक बाई रस्सा स्वतःच्या वाटीत वेगळा काढून घेऊन टोकाला बसल्या होत्या. बाकीचे सगळे मधल्या एकाच भांड्यात चमचे घालून जेवत होते. जेवण आटोपल्यावर त्या हळूच माझ्याजवळ आल्या. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी ‘तुम्हाला हा आजार आहे’ एवढेच सांगितले होते, तेव्हापासून घरीही त्यांचे ताट-वाटी वेगळे. एका भांड्यात जेवल्याने, मिठी मारल्याने, शिंकल्याने हिपॅटायटिस बी पसरत नाही. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधांतून, प्रसूतीत आईकडून बाळाला आणि दाढीचे ब्लेड किंवा टूथब्रश सामाईक वापरल्याने लागू शकतो. हे दोन मिनिटांत सांगून होते, पण त्या बाईंना इतक्या वर्षांत ते कुणी सांगितले नव्हते.

आणि इथेच चर्चचा धोकाही आहे. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे बातमी फुटायला वेळ लागत नाही. मुलीचे लग्न ठरायचे असते, मुलाची नोकरी असते. म्हणून निकाल चर्चमध्ये कधीही देऊ नये, त्याची यादी पाद्रींच्या हाती तर मुळीच पडू नये, त्यांनी कितीही चांगल्या मनाने मागितली तरी. निकाल फोनवर किंवा बंद पाकिटात, ज्याचा त्यालाच. त्याच फोनवर पुढची तारीख ठरली पाहिजे. लागण असेल त्याला नियमित तपासण्या आणि गरज पडल्यास विषाणूला आवरणाऱ्या टेनोफोविरसारख्या गोळ्या. लागणही नाही आणि संरक्षणही नाही, त्याला लस: बहुधा आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. शिबिर घ्यायचे, बॅनरसमोर फोटो काढायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या डोसाला कुणी फिरकायचे नाही, या प्रकाराची मला मनस्वी चीड आहे. पुढच्या सहा महिन्यांची सोय नसेल त्याने पहिली सुई टोचूच नये.

हे सगळे मराठी वाचकांना सांगायचे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे २.९८ कोटी रुग्ण होते. भारताच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचली ती २०११च्या सुमारास. म्हणजे इथे अमेरिकेत नोकरी करणारे, मुलांकडे सहा महिने राहायला येणारे आपले बहुतेक मराठी लोक त्याआधी जन्मलेले. इथल्या मराठी मंडळांत गणपतीला, दिवाळीला सभागृहे भरतात. खाण्याचे, दागिन्यांचे स्टॉल लागतात. तपासणीचे टेबल मी अजून तरी पाहिलेले नाही. कोरियन चर्चला जमते ते आपल्याला न जमण्यासारखे काय आहे?

अमेरिकेत प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी, अशी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची २०२३ पासून शिफारस आहे. कॅलिफोर्नियात तर नेहमीच्या डॉक्टरने ती देऊ करावी असा कायदा २०२२ पासून लागू आहे. भारतात राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. डॉक्टरांकडे मागायच्या चाचण्या तीन: एचबीएसएजी (आत्ता लागण आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का) आणि अँटी-एचबीसी (कधी लागण झाली आहे का). पत्राला जागा अपुरी पडली तर बाकी काहीही कापा, ही तीन नावे मात्र छापा, एवढी विनंती.

आपली,
एक परिचारिका
(मूळ गाव वसई), लॉस एंजेलिस