तलाकही नाही, नांदवणंही नाही

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय सलाम आणि नमस्कार.

मी नागपूरच्या मोमिनपुऱ्यात राहते, उर्दू शाळेत मराठी शिकवते. हे पत्र माझ्या धाकट्या बहिणीसाठी लिहिते आहे.

तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी कामासाठी म्हणून परगावी गेला, तो परतलाच नाही. दोन मुलं आणि ती आमच्याकडे आहेत. खर्चाचं विचारलं की फोनवर त्याचं एकच उत्तर: "तलाक दिया ही कहाँ है?" खरंच, दिलेला नाही. तीनदा तलाक म्हणून बायकोला घराबाहेर काढण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्द केली, 2019 च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. हा कायदा हवाच होता. पण त्यातला निर्वाहभत्ता तलाक उच्चारला गेलेल्या बाईला मिळतो. ज्याने शब्दच तोंडातून काढला नाही, नुसता निघून गेला, त्याचं काय?

कुराणात सूरह निसाच्या 129 व्या आयतीत बजावलं आहे की बायकोला अधांतरी टांगून ठेवू नका. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना ही आयत पाठ आहे. तरी ते बहिणीलाच सब्र शिकवतात, याचा मला राग आहे. तो आमच्या घरातला राग आहे आणि आम्ही तो मशिदीच्या दारापर्यंत नेऊच. पण मंत्रीमहोदय, काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पोटगीचा हक्क आम्हाला आहे. 10 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा स्पष्ट केला. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असंही कायदा सांगतो. हे 60 दिवस नवऱ्याला नोटीस पोहोचल्यावर सुरू होतात, आणि सगळं तिथेच अडतं. बहिणीची नोटीस तीनदा परत आली, "सदर पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन. दर वेळी नवा पत्ता शोधायचा, नवी तारीख घ्यायची, शिवणकामाची एक दिवसाची मजुरी बुडवायची. तिचे 60 दिवस अजून सुरूच झालेले नाहीत.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र नोटीस बजावण्याची जबाबदारी बाईवर नाही, संरक्षण अधिकाऱ्यावर आहे, आणि मुदत दोन दिवसांची. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, खर्च न देणं हा त्यात आर्थिक छळ आहे. संरक्षण अधिकारी आपल्याच खात्याचे. एका सरकारी कार्यालयात आम्ही हे विचारायला गेलो, तर "मारहाण झाली आहे का?" असं विचारून आम्हाला परत पाठवलं.

म्हणून मागणी एवढीच: संरक्षण अधिकाऱ्याने आठवड्यातून एक दिवस मोमिनपुऱ्यात आणि एक दिवस ताजबागेत बसावं, अर्ज उर्दूतही मिळावा, आणि किती नोटिसा बजावल्या, किती परत आल्या, याचा हिशेब खात्याने दर महिन्याला जाहीर करावा. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. हेही तिथेच कोणीतरी बायकांना सांगावं. आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा परत आलेली तिन्ही पाकिटं घेऊन मी आणि बहीण विधानभवनावर येऊ. कृपया पाच मिनिटं द्यावीत.

आपली नम्र,
मोमिनपुऱ्यातील एक शिक्षिका