नव्या चेतापेशी मोजण्याआधी

दादर, मुंबई

प्रिय सई,

माणसाच्या मेंदूत मोठेपणीही नव्या चेतापेशी जन्मतात का, यावरचे तू पाठवलेले दोन्ही पेपर वाचले. सोरेल्सच्या गटाला तेराव्या वर्षानंतर हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी जोडलेल्या भागात, कोवळी (नुकती जन्मलेली) चेतापेशी सापडतच नाही. बोल्ड्रिनींच्या गटाला ७९व्या वर्षीही सापडते. दोन्ही २०१८चे, महिन्याभराच्या अंतराने. खरं कोणाचं, असं विचारतेस. निष्कर्ष राहू देत, मेंदू कधी आणि कसा फिक्स केला, म्हणजे फॉर्मालिनसारख्या द्रावणात घालून टिकवला, ते आधी बघ.

कोवळी पेशी ओळखायची ती डबलकॉर्टिनवरून, आणि हे प्रथिन भारी नाजूक. मृत्यूनंतर मेंदू काढायला उशीर झाला की ते विरतं. फॉर्मालिनमध्ये फार काळ राहिलं तर ते दाखवून देणारी अँटीबॉडी चिकटायची जागाच झाकली जाते. मेंदूपेढीतले जुने नमुने तर महिनोन्‌महिने त्यात बुडालेले असतात! माद्रिदच्या गटाने २०१९मध्ये फिक्सेशनची वेळ काटेकोर पाळली, तर ऐंशी ओलांडलेल्या निरोगी माणसांतही कोवळ्या पेशी हजारोंनी दिसल्या. अल्झायमरमध्ये मात्र आजार वाढतो तशा त्या घटतात, आणि उरलेल्याही नीट परिपक्व होत नाहीत.

स्वीडनमधल्या फ्रिसेनच्या गटाची २०१३ची पद्धत डबलकॉर्टिनच्या अँटीबॉडीवर विसंबत नाही, म्हणून मी तिला जास्त वजन देते. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशीच्या डीएनएत किती आहे, यावरून पेशीचं वय काढलं. एका हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या पेशी, असा त्यांचा हिशेब.

पण जास्त पेशी म्हणजे निरोगी मेंदू, असं समीकरण मांडू नकोस. उंदरांना फिट्स आणल्या की डेंटेट गायरसमध्ये (हिप्पोकॅम्पसच्या ज्या पट्ट्यात नव्या पेशी जन्मतात तिथे) त्या भराभर वाढतात, पण कित्येक भलतीकडे, शेजारच्या हायलस या भागात जाऊन बसतात आणि नको त्या जोडण्या करतात. पक्षाघातानंतर स्ट्रायटम या मेंदूच्या खोल भागाकडे गेलेल्या बहुतेक पेशी काही आठवड्यांत मरतात.

आता तुझ्या स्लाइड्स. वयस्क मेंदूतल्या पेशींत साठलेलं लिपोफ्युसिन हे रंगद्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली आपोआप चमकतं आणि नवख्याला हमखास फसवतं. ज्या चॅनेलमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या ज्या रंगात, काहीच रंगवलेलं नाही, तिथेही तोच ठिपका दिसला तर मोजायचा नाही. प्रत्येक बॅचमध्ये एक स्लाइड प्रायमरी (थेट प्रथिनाला चिकटणाऱ्या) अँटीबॉडीशिवाय ठेव, आणि एक उंदराच्या पिल्लाच्या मेंदूची. पिल्लाच्या मेंदूतही डबलकॉर्टिन दिसलं नाही, तर दोष मेंदूचा नाही, रंगवण्याचा. तक्त्यात वयाशेजारी दोन रकाने वाढव: मृत्यू ते फिक्सेशन किती तास, आणि फिक्सेटिव्हमध्ये किती तास. हे भरल्याशिवाय तुझ्या सरांना आकडे दाखवू नकोस.

— आई