ऑइल पंपाचा शाफ्ट यादीतून सुटला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या फोर्ड मस्टँगचे व्ही-८ इंजिन नव्याने बांधण्यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल पंप अशी खरेदीची यादी त्यात सविस्तर आहे. सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून पंपापर्यंत जाणारा शाफ्ट मात्र राहून गेला. गॅरेजमध्येही बहुधा हेच होते: पंप नवा येतो आणि शाफ्ट जुनाच पुसून बसवला जातो.

२८९ आणि ३०२ घनइंची इंजिनांत हा शाफ्ट म्हणजे पाव इंची षटकोनी सळई, आपल्याकडच्या फिटरच्या हिशेबात दोन सूत. वरचे टोक डिस्ट्रिब्युटरच्या बुडात, खालचे पंपात. कॅमशाफ्ट डिस्ट्रिब्युटरला फिरवतो, डिस्ट्रिब्युटर या शाफ्टला आणि शाफ्ट पंपाला, क्रँकच्या निम्म्या वेगाने. ग्यानबाची मेख अशी की शाफ्ट तुटला तरी डिस्ट्रिब्युटर फिरतच राहतो. ठिणगी पडते, इंजिन चालते, फक्त तेल थांबते. व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट खडखडू लागून चालकाची नजर तेलाच्या गेजकडे जाईपर्यंत बेअरिंग गेलेले असते. (आपल्याकडच्या विलीज जीपच्या चार सिलिंडर इंजिनात डिस्ट्रिब्युटरला चाल पंपाच्या शाफ्टकडूनच मिळते. तिथे पंपाचा गिअर सुटला तर ठिणगीही जाते आणि इंजिन आपोआप बंद पडते. मात्र पंप परत बसवताना एक दात इकडेतिकडे झाला की टायमिंग बिघडते.)

हा शाफ्ट सहसा आपणहून मोडत नाही. पंपाच्या आतल्या रोटरमधली फट अगदी बारीक असते. त्यात कचरा अडकला की पंप जागीच अडतो, वरून कॅमशाफ्ट फिरवत राहतो आणि मधली सळई पिळली जाते. कचऱ्याचा नेहमीचा उगम म्हणजे त्या काळच्या टायमिंग गिअरचे नायलॉनचे दात. उष्णतेने ते ठिसूळ होऊन तुटतात आणि इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये जमतात. व्हॉल्व्ह सीलचे कडक झालेले तुकडेही तिथेच येतात. म्हणून जुना शाफ्ट पिळलेला आढळला तर केवळ नवा आणून भागत नाही. चेंबर खरवडून धुवावा, पंपाचा स्ट्रेनर (तेल गाळणारी जाळी) नवा घ्यावा, नायलॉनचा गिअर काढून पोलादी किंवा बिडाचा घालावा. पीळ ओळखणे सोपे आहे. शाफ्ट डोळ्यासमोर आडवा धरून एका धारेवरून नजर टाकावी. धार सरळ न जाता वळत गेलेली दिसली, किंवा टोकाचे कोपरे गोल झालेले असले, तर तो भंगारात टाकावा.

नवा घेताना आधी माप पाहावे. फोर्डचे ३५१ घनइंची विंडसर याच घराण्यातले इंजिन असले तरी त्याचा शाफ्ट ५/१६ इंच, म्हणजे अडीच सूत आहे. फरक अर्ध्या सुताचा दिसतो, पण पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे जवळजवळ दुप्पट होते. हे वाचून ३०२ मध्ये जाड शाफ्ट घालण्याचा मोह होईल; त्यासाठी डिस्ट्रिब्युटर आणि पंप दोन्हीकडची खाच जुळायला हवी. उलटी चूक जास्त घातक आहे. पाव इंची षटकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७.३ मिलिमीटर भरतो, तर ३५१ च्या पंपाची खाच ७.९ मिलिमीटर असते. शाफ्ट तिच्यात मोकळा गरगरतो, पंप हलतसुद्धा नाही. दुकानदार 'फोर्ड स्मॉल ब्लॉक' एवढेच सांगत असेल तर दोन्ही टोके खाचेत घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या शाफ्टशी लांबीही ताडून पाहावी.

धातू क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त) पोलाद, हीट ट्रीटमेंट केलेले असावे. एआरपी, मेलिंग या अमेरिकी कंपन्या असे शाफ्ट बनवतात. पण ताकदीचा शाफ्ट हा कचऱ्यावरचा इलाज नव्हे. सळई तुटली नाही तर झटका डिस्ट्रिब्युटरच्या गिअरच्या पिनवर आणि दातांवर जातो. त्याच कारणाने रस्त्यावर चालवायच्या गाडीत जास्त तेल ढकलणारा हाय व्हॉल्यूम पंप कशाला, असे आमचे मत आहे. थंडीत घट्ट तेल ओढताना त्याचा सगळा भार या दोन सुतांवर येतो.

शाफ्टवर दाबून बसवायची वॉशरसारखी क्लिप असते, तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. ती नसेल तर पुढे कधी डिस्ट्रिब्युटर काढताना तेलकट शाफ्ट त्याला चिकटून वर येतो, अर्ध्यात सुटतो आणि थेट चेंबरमध्ये पडतो. क्लिपची जागा अशी ठरवावी: डिस्ट्रिब्युटर पूर्ण बसलेला, इंजिन स्टँडवर उलटे. शाफ्ट खालून डिस्ट्रिब्युटरच्या खाचेत तळापर्यंत ढकलला की क्लिप क्रँककेसच्या छताला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर काढून सरकवावी. मग पंप ठेवून बोल्ट २२ ते ३२ फूट-पौंडांवर आवळावेत. पंप हाताने सपाट बसत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नये. षटकोन जुळलेला नसतो, शाफ्ट थोडा फिरवला की पंप बसतो. आवळल्यावर शाफ्ट बोटांनी किंचित वरखाली सरकला पाहिजे. गच्च झाला तर तो डिस्ट्रिब्युटरचा गिअर वर ढकलतो आणि पंपाचे झाकण खरवडतो.

शेव्हरोलेच्या १९५५ पासूनच्या स्मॉल ब्लॉकमध्ये शाफ्ट आणि पंप यांना नायलॉनची बाही जोडते. उष्णतेने ती तडकते. तिथे पोलादी बाहीचा शाफ्ट घ्यावा आणि पंप बसवतानाच घालावा, कारण नंतर वरून तो जात नाही.

इंजिन सुरू करण्याआधी ड्रिलने पंप फिरवून तेल चढवताना फोर्डमध्ये डिस्ट्रिब्युटर काढून लांब दांड्यावर पाव इंची सॉकेट लावावे. सॉकेटला टेप गुंडाळावी, नाहीतर तेच आत पडते. फोर्डमध्ये ड्रिल घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचे, शेव्हरोलेत सुलट. शेव्हरोलेत जुन्या डिस्ट्रिब्युटरची बॉडी जागेवर लागते, कारण टॅपेटकडे जाणारा तेलाचा मार्ग तिच्याभोवतून जातो. क्रँक पाव-पाव फेरा फिरवत सोळाही रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्यांवर) तेल दिसेपर्यंत ड्रिल थांबवू नये.

पुरवणीत ती यादी पुन्हा छापाल तेव्हा 'ऑइल पंप' या ओळीखाली 'शाफ्ट व क्लिप, माप तपासून' एवढी भर घालावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिशिगन